वाचकांचे प्रश्न : न दिसणाऱ्या गोलाची सावली

प्रश्न : आमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि तिला जोडायचा सीमॉस कॅमेरा आहे. नेपच्यूनपलीकडचा एखादा गोल ताऱ्यासमोरून जाताना त्याचा वेध इथून घेता येईल का? तो गोल तर दुर्बिणीतून दिसतच नाही. (देवगड)

उत्तर : घेता येईल. गोल दिसायला नकोच, तारा दिसला की पुरे. नेपच्यूनपलीकडच्या क्वाओआर या गोलाची दृश्यप्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका गोल मंद) १९ च्या आसपास आहे. तो बाराव्या प्रतीच्या ताऱ्यासमोर आला, की तारा एकदम मिटतो आणि काही सेकंदांनी पुन्हा उजळतो. गोलाची सावली पृथ्वीवर जवळजवळ त्याच्या व्यासाएवढीच रुंद पडते. ती सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर सुमारे १,१०० किलोमीटर व्यासाच्या क्वाओआरआड तारा जास्तीत जास्त पाऊण मिनिट राहील. याला पिधान म्हणतात. तुमच्या गावावरून कोणती सावली जाणार ते ऑकल्टवॉचर या मोफत प्रोग्रॅममध्ये अक्षांश-रेखांश भरून पाहा. वेळा जागतिक वेळेत असतात, त्यांत साडेपाच तास मिळवा. १४ तारखेचे १९:४० म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची रात्रीची १:१०. अनेकांची संधी हुकते ती इथेच.

तारा शोधण्याचा सराव आदल्या रात्री करा. घटनेच्या वेळेनंतर चार मिनिटांनी तो आकाशात त्याच जागी असतो. क्षेत्राचा नकाशा कॅमेऱ्यात दिसणाऱ्या दिशेनेच छापून घ्या, नाहीतर आरशातली उलटापालट गोंधळात पाडते. एक्स्पोजर ०.२ ते ०.५ सेकंदापासून सुरू करा. तारा पार्श्वभूमीतून स्पष्ट उठत नसेल तरच वाढवा. गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) इतका ठेवा की तारा संपृक्त, म्हणजे पार पांढरा, होणार नाही, कारण मोजायची आहे ती त्याची तेजस्विता. शेजारचा एखादा तारा चौकटीत हवाच. पातळ ढग आला तर दोघेही मंदावतात, पिधानात एकच.

रेकॉर्डिंग घटनेच्या दहा मिनिटे आधी सुरू करा, नंतरही तेवढेच चालू ठेवा, कारण गोलाभोवती कडी असली तर तीही तारा क्षणभर मंद करतात. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने तारा झाकण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश काही वेळा क्षणभर घटला, आणि त्याची कडी सापडली. त्या रात्री तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही मापन झाले होते. शनी व युरेनसच्या दरम्यान फिरणाऱ्या लहानशा कॅरिक्लोची कडीही २०१३ च्या पिधानातच सापडली.

प्रश्न : मोबाइलच्या घड्याळावर वेळ लिहिली तर चालेल का? (गुहागर)

उत्तर : नाही. ०.१ सेकंदाची चूक म्हणजे सावलीच्या कडेत अडीच किलोमीटरची चूक. मोबाइलचे घड्याळ त्याहून जास्त चुकू शकते, आणि किती चुकले ते नंतर कळतही नाही. प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ उमटवणारे साधन घ्या. ते नसेल, तर जीपीएसच्या दर सेकंदाच्या स्पंदावर लुकलुकणारा एलईडी सुरुवातीला आणि शेवटी दुर्बिणीच्या तोंडापुढे धरा. लॅपटॉप इंटरनेटवरून वेळ जुळवतो, पण खाडीकाठच्या डळमळीत नेटवर्कवर त्याचा भरवसा नाही. फ्रेम गळतात का तेही पाहा. डिस्क मंद असली की गळतात, आणि मग वेळ जुळत नाही. वीज जाते, म्हणून दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटला १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी लावा.

प्रश्न : काचेवर दव बसते. उपाय? (मालवण)

उत्तर : पुढच्या तोंडाला, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांबीचे काळे पुठ्ठ्याचे किंवा फोमचे आवरण गुंडाळा. त्यावर भागले नाही तर गरम होणारी पट्टी, आणि ती दव बसण्याआधी चालू करा. बसलेले दव पुसू नका, हवेतले मीठ काचेवर ओरखडे पाडते. पट्टी जेमतेम कोमट ठेवा, जास्त तापली तर प्रतिमा थरथरते. तारा क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असेल तर खटाटोप करू नका. समुद्राकडच्या धुक्यात तो हरवतो.

प्रश्न : तारा मिटलाच नाही, तर नोंद पाठवावी का? (वेंगुर्ला)

उत्तर : जरूर. "मिटला नाही" या नोंदीने गोलाची कड कुठे संपते ते ठरते. १७ जुलै २०१७ ला अर्जेंटिनात नेपच्यूनपलीकडच्याच अ‍ॅरोकोथसाठी २४ दुर्बिणी मांडल्या होत्या, पाचांनाच तारा मिटलेला दिसला, आणि गोलाचा दोन गोळे जोडल्यासारखा आकार पुढे आला. सावल्या बहुतेक पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, आणि आपला किनारा दक्षिणोत्तर आहे. अलिबाग ते वेंगुर्ला हे अंतर सावलीच्या वाटेला आडव्या मांडलेल्या दुर्बिणींच्या रांगेसाठी जवळजवळ ३०० किलोमीटर भरते. रत्नागिरी, देवगड, मालवण आणि तुम्ही एकाच रात्री बसलात, तर एका गोलावर चार समांतर रेघा मिळतील, प्रत्येक ठिकाणाहून एक.