हाड मोडलं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं

पाय मुरगळून महिना होत आला, एक्स-रे नॉर्मल, तरी घोट्याची सूज का उतरत नाही, यापेक्षा हाड मोडलेलं परवडलं असतं का, असं तुम्ही विचारलंय. कधी कधी खरंच परवडतं. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट बंध, दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल" ऐकून घरचे निर्धास्त होतात, त्याची मला मनस्वी चीड आहे.

जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे आमची केळीची बाग आहे. आई बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडली. त्याच हंगामात मोठे काका मोटारसायकलवरून पडले, मनगट मोडलं. काकांना प्लास्टर, म्हणून ताट हातात आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ. आईला आंबेहळदीचा लेप आणि आजीचं एक वाक्य, "हाड ते मोडनं नही ना, मंग काय व्हयनं?" घोट्यातलं रक्त टाचेपर्यंत उतरून पाय काळानिळा झालेला, आणि ती ओट्याशी एका पायावर भार देऊन कळण्याच्या भाकरी थापतेय.

काकांचं मनगट 6 आठवड्यांत सुटलं. हाडाला रक्तपुरवठा चांगला असतो. मोडल्या जागी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत टोकं जोडणारा मऊ फुगवटा धरतो, मग त्यात कॅल्शियम भरतं. पुढे कित्येक महिने शरीर तो फुगवटा झिजवत राहतं, आणि शेवटी तिथे हाडच उरतं, व्रण नाही. लिगामेंटला रक्त कमी मिळतं आणि ते व्रणानेच भरून येतं. सुरुवातीचं कोलॅजेन, म्हणजे त्या व्रणाचे धागे, घाईत घातलेल्या टाक्यांसारखं वेडंवाकडं असतं; ते ताणाच्या दिशेने लागून मजबूत व्हायला वर्षही जातं. तोवर नीट काळजी घेतली नाही तर घोटा वळतच राहतो. आईचा ढेकळांत आजही वळतो, आणि काका म्हणतात, "मालिश करून घेतली असती तर बरा झाला असता." ताज्या माराला रगडलं तर आतला रक्तस्राव वाढतो, काका!

तुम्ही आता घोट्याला पट्टा बांधून, सोसेल तेवढं चाला. नुसतं पडून राहू नका, हलक्या ताणानेच धागे नीट लागतात. फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळायचे व्यायाम शिका, एका पायावर उभं राहण्यापासून. आणि घरकामाची वाटणी घरच्यांना आजच सांगा, विचारू नका.

मात्र चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर पुन्हा दाखवा; बारीक भेग पहिल्या एक्स-रेत सुटू शकते. पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी जा.