नेहमीची हेअरड्रेसर सोडून एकदा दुसरीकडे केस कापले तर तिला कळतं का? सांगावं का?

कळतं. तुम्ही खुर्चीत नीट टेकायच्या आत कळतं.

माझ्या मानेवर डाव्या बाजूला भोवरा आहे. तिथले केस ओले असताना ताणून कापले की वाळल्यावर वर चढतात आणि शेंडीसारखे उभे राहतात. आमची हेअरड्रेसर ताई ती जागा शेवटी ठेवते, कोरडी करते आणि एकेक बट धरून कापते. 11 वर्षांत हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, माझेच केस शहाणे! मग एकदा घाईत भलतीकडे कापून आले. पुढच्या खेपेला तिने एप्रन बांधला, मानेवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाली, "इथे ओलेच कापले वाटतं." एवढंच. मग नेहमीसारख्या माझ्या लेकीच्या चौकश्या. मला मात्र मान वर करून आरशात बघवेना.

आमच्या घरी यावरून जुनं भांडण आहे. नवरा म्हणतो, "केसच ना? कात्री कोणाचीही कात्रीच. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?" बरं. कानामागे केस गळून नाण्याएवढी चाई पडली, ती कोणाला दिसली? तिला. तिने मागे छोटा आरसा धरून दाखवली, तीही आवाज उतरवून, कारण शेजारच्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं. "डॉक्टरांना दाखवा, मनाने काही चोळू नका." चाईच निघाली. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते म्हणे. केस परत आले, पण आधी पांढरे. मी हबकले, तर ही म्हणाली, बऱ्याचदा असंच होतं, रंग मागाहून येतो. तोवर वरची बट तिने लांब ठेवून दिली होती, जागा झाकायला.

तर, सांगा किंवा नका सांगू. कारणं मात्र देत बसू नका, तिला ती नको असतात. अर्थात तुमची हेअरड्रेसर दर वेळी केसांची वाट लावत असेल तर खुशाल सोडा. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, भिडेपोटी किती दिवस टोपी घालाल? आणि ती काही डॉक्टर नव्हे, हेही खरं.

नवरा माझी उत्तरं वाचतो, म्हणून लिहून ठेवते: चाई पडली तेव्हा तो रोज त्याच बाजूला बसून चहा पीत होता.