नोंदवहीचं ओझं वाटतंय? आधी हे करा

मॅडम, शिक्षिका म्हणून तुमचं पहिलं वर्ष आहे म्हणून सांगते. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता मूल कसं शिकतंय ते पाहून करायच्या, नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत लिहायला बसू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं. बत्तीस मुलांपुढे ‘अभ्यासात प्रगती आहे, वाचनाची आवड आहे’ असं ओळीनं उतरवलं. त्यातला एक तर दोन महिने शाळेतच आला नव्हता!

खिशात छोटी डायरी ठेवा. रोज चार-पाच मुलं, प्रत्येकाची एक ओळ, आणि तारीख. पण ओळ अशी हवी: ‘सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो, एकोणचाळीसला अडतो.’ मराठीत सात आधी ऐकू येतो, वीस मागून, म्हणून पोर तसं लिहितं. ‘गणितात कच्चा’ लिहिलंत तर उद्या काय शिकवायचं ते कळणार नाही. ही ओळ वाचलीत की दशक-एककाच्या काड्या काढाल. पंधरा दिवसांनी त्याच मुलाला पुन्हा तपासा आणि खाली लिहा.

पहिली-दुसरीला आकारिकचं वजन ७० टक्के, संकलितचं, म्हणजे सत्राच्या शेवटच्या चाचणीचं, ३०. म्हणजे खरं काम त्या डायरीतच. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांचे गुण मात्र त्याच दिवशी टाका, आठवून टाकलेले गुण सगळ्यांचे सारखेच येतात. श्रेणीचं कोष्टक सोपं आहे, ९१ पासून वर अ-१, ते आपोआप पाठ होईल.

आणि ‘सुधारणा आवश्यक’चा रकाना लिहिताना पालक तो मुलासमोर मोठ्यानं वाचणार आहेत, एवढं ध्यानात असू द्या.