चिमण्याची राखण आणि पिल्लांचा बाप

प्रश्न : गॅलरीतल्या खोक्यात चिमण्यांनी घरटं केलंय. काही दिवस चिमणा मादीची पाठ सोडत नव्हता. अंडी पूर्ण होताच त्याने पाठलाग सोडला. असं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तो राखण करत होता, ती मादीच्या फलनक्षम (अंडं फलित होऊ शकतं अशा) दिवसांची. चिमणी रोज सकाळी एक अशी साधारण चार-पाच अंडी घालते. प्रत्येक अंडं घालण्याच्या सुमारे २४ तास आधीच फलित झालेलं असतं. शिवाय अंडवाहिनीतल्या सूक्ष्म नळ्यांत शुक्राणू कित्येक दिवस जिवंत राहतात. त्यामुळे परका नर मादीशी समागम करून पिल्लांचा बाप होण्याचा धोका पहिल्या अंड्याच्या काही दिवस आधी सुरू होतो आणि शेवटून दुसरं अंडं आलं की जवळपास संपतो. नोंद ठेवायची असेल तर पहिल्या अंड्याची तारीख धरून मागे मोजा, आणि आधी कोण उडतं, मागोमाग कोण जातं, एवढंच लिहा.

पण राखणीचा खरोखर उपयोग होतो का? नुसत्या निरीक्षणाने हे ठरत नाही, कारण जिथे धोका जास्त तिथेच नर जास्त राखण करत असेल. म्हणून हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशातल्या कझिन बेटावर पक्षी-संशोधक यान कॉमडर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मोलाचा आहे. तिथला सेशेल्स वार्ब्लर हा छोटा पक्षी बहुधा एकच अंडं घालतो. मादीचं अंडं येण्याआधीच त्यांनी घरट्यात नकली अंडं ठेवलं. अंडं दिसताच नराने राखण थांबवली, मादी मात्र अजून फलनक्षम होती. शेजारचे नर हद्दीत शिरू लागले आणि त्यांच्याशी समागम वाढले. लहान गटांत राहणाऱ्या या पक्ष्यांत एरवीही सुमारे ४० टक्के पिल्लं गटाबाहेरच्या नराची असतात. हा प्रयोग घरी मात्र करू नका. घरट्याला हात लावला तर जोडी ते सोडून देऊ शकते.

प्रश्न : मग पिल्लं घरट्यावरच्या चिमण्याचीच, हे कसं ओळखायचं?

उत्तर : रंगावरून नाही, डीएनएवरूनच. पिल्लू, आई आणि घरट्यावरचा नर, तिघांच्या पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन अल्कोहोलमध्ये ठेवतात व डीएनएतल्या आठ-दहा मायक्रोसॅटेलाइट जागा (जिथे एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो) तपासतात. पिल्लू आणि नर यांच्यात एकाच जागी विसंगती दिसली तर ते उत्परिवर्तन (डीएनएत आपोआप झालेला बदल) असू शकतं. दोन किंवा अधिक जागी दिसली तरच बाप दुसरा मानतात. आईशीच जुळत नसेल, तर अंडं दुसऱ्या चिमणीने टाकलेलं असतं. न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही तपासावी लागतात, नाहीतर टक्केवारी चुकते. पक्षी पकडायला आणि रक्त घ्यायला वनविभागाची परवानगी लागते.