रेल्वे अप्रेंटिसनंतर जर्मनी: डायरी रद्दीत घालू नकोस

तू विचारलंस, "दादा, सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो, नाशिकरोडला रेल्वे इंजिनांच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या ट्रॅक्शन वर्कशॉपमधली अप्रेंटिस संपत आली. जर्मनीला यावं का? आणि तिकडे या अप्रेंटिसला काही किंमत आहे का?" व्हिसा, भाषेची परीक्षा, राज्य सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेला करार हे सगळं तुला शोधून सापडेल, त्यात मी पडत नाही. त्या कराराच्या आधीच मी इथे आलोय. तुझा दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून एवढं लांबण.

किंमत आहे. पण ती सर्टिफिकेटला नाही.

आपल्या सर्टिफिकेटवर ट्रेड, कालावधी, कारखान्याचं नाव आणि परीक्षेचा निकाल, एवढंच असतं. इथला इलेक्ट्रिकचा कारागीर साडेतीन वर्षं आलटून-पालटून कंपनीत आणि शाळेत शिकतो. समकक्षता, म्हणजे आपलं शिक्षण इथल्या तोडीचं आहे का, हे ठरवणारे त्याचा अभ्यासक्रम समोर ठेवतात आणि आपण काय शिकलो ते त्याच्याशी ताडून बघतात. कुठल्या विभागात किती आठवडे होतास, हाताने नेमकं काय केलंस, हे त्यांना लेखी लागतं. सुपरवायझरच्या सहीसाठी मागे लागायला आपण ज्या डायरीला कंटाळतो, ती इथे उपयोगी पडते. माझी डायरी आईने घर आवरताना रद्दीवाल्याला दिली होती. मग वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका काकांनी आठवून आठवून विभागांची यादी सांगितली, ती टाइप केली. त्यावर शिक्का मारायचा अधिकार कुणाचा, यावरून एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडलं आणि दुसऱ्याने परत पहिल्याकडे. मी इकडे, त्यामुळे पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडायची आणि मुंबईत रांगेत उभं राहायचं, हे सगळं वडिलांनी केलं, तेही गुडघे दुखत असताना. एकदा तर साहेब जेवायला गेले म्हणून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि वर विचारलं, "मुलगा स्वतः का येत नाही?" त्या माणसाचा राग अजून गेला नाही. एवढं करून उत्तर काय आलं, तर 'अंशतः समकक्ष'.

म्हणून निघायच्या आधी लेटरहेडवर लिहून घे. मोटर दुरुस्तीतलं स्ट्रिपिंग, क्लीनिंग, आर्मेचर वाइंडिंग, व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन, कम्युटेटर टर्निंग, मायका अंडरकटिंग, टेस्टिंग, जे जे केलंस ते प्रत्येक वेगळं आणि किती आठवडे ते. 'कामात मदत केली' असं मोघम लिहू देऊ नकोस. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, हेही दहावीच्या मार्कशीटपासून पासपोर्टपर्यंत आत्ताच जुळवून घे.

आता हाताचं सांगतो. पहिले काही महिने मलाही झाडू, कॉटन वेस्ट आणि चहा यांचीच ट्रेनिंग वाटायची. इंजिनाची टाओ नाहीतर हिताची मोटर उघडली की कार्बनच्या धुळीने माणूस ओळखू येत नसे. पांढरं शिंकायला घरी आल्यावर दोन दिवस लागायचे. पण त्या काकांनी एकदा कम्युटेटरवरून, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावरून, बोट फिरवायला लावलं. दोन पट्ट्यांमधला मायका (वीज अडवणारा अभ्रक) नीट खाली गेलाय की एखादी कड उभी राहिलीय, हे त्यांना न बघता कळायचं. वर्ष संपता संपता मलाही कळायला लागलं.

इथे मोटर दुरुस्तीच्या एका छोट्या कंपनीत मुलाखत होती. जर्मन तोडकंमोडकं. मालकाने सहज विचारलं, आमच्या रेल्वेच्या तारेत 15 हजार व्होल्ट आणि 16.7 हर्ट्झ का, तुमच्याकडे तर 25 हजार आणि 50? मी म्हटलं, जुन्या कम्युटेटर मोटरींना 50 हर्ट्झवर ब्रशखाली (कम्युटेटरवर टेकून वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांखाली) फार ठिणग्या पडायच्या, म्हणून तुम्ही फ्रीक्वेन्सीच खाली आणलीत. आम्ही इंजिनातच एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर बसवून मोटरला डीसी दिला. तो उठला आणि मला थेट वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. कागद 'अंशतः'च होता, नोकरी लागली. पुढे थ्री-फेज मोटरी सगळीकडे आल्या, त्यात ना ब्रश ना कम्युटेटर. तुमच्याकडेही तेच चाललंय, तेव्हा थ्री-फेजचं काम जमेल तेवढं शिकून घे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. स्वयंपाक येत असला तर निम्मा जातो. पुढे.

लग्न करून, मुलांना घेऊन येणार असशील तर हे नीट वाच. इथे बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. एक शाळा विद्यापीठाकडे नेते, बाकीच्या बहुतेक कामधंद्याच्या शिक्षणाकडे. माझ्या मुलीच्या बाईंनी हसतमुखाने सांगितलं, "भाषेत मागे आहे, पण हात चांगला आहे तिचा. कामाचं शिक्षण तिला शोभेल." वाईट काहीच बोलल्या नाहीत. नाशिकरोडला कुणी अप्रेंटिसला नाक मुरडलं की भांडायला उठणारा मीच. पण त्या दिवशी घरी येताना ट्राममध्ये कानशिलं तापली होती. मी आयटीआयला गेलो कारण दहावीला मार्क कमी होते. तिला कुणी नऊ-दहा वर्षांची असतानाच तिकडे का ढकलावं? बायको म्हणते, तुला तुझंच काम कमी वाटतं. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. मुलगी आता तिथे रमलीय, सोल्डरिंग माझ्यापेक्षा सफाईने करते, आणि मी अजून त्या बाईंना नीट 'नमस्कार' करत नाही.

एक शेवटचं. अप्रेंटिस म्हणजे रेल्वेत नोकरी नव्हे, हे तुला माहीत आहेच. पण रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सर्वांत खालच्या पदांच्या, भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव असतात. जर्मनचा क्लास चालू असला तरी जाहिरात आली की फॉर्म भर. मी भरला होता, यादीत नाव आलं नाही. सोबतचा एक लागला, तो आता भुसावळला टेक्निशियन आहे. फोनवर तो मला पगार विचारतो, मी त्याला शेडमध्ये काय आलंय ते विचारतो. वयोमर्यादा केव्हाच उलटली, तरी जाहिरात निघाली की मी ती पूर्ण वाचतो, अगदी वैद्यकीय तपासणीच्या नियमांपर्यंत. बायकोला हे माहीत नाही.

डायरीच्या पानांचे फोटो पाठव. कुठल्या विभागाला इथे काय म्हणतात ते मी समोर लिहून देतो.