रिबिल्ड इंजिन, सोन्यावरचं कर्ज आणि शनिवारचं 45,000 चं बुकिंग

दादा नमस्कार, मेसेज नीट वाचला, बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तुमची पर्यटकांची बोट आहे, 40 एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), ते पूर्ण उतरवून सातपूरला काम करून घेतलंत, होनिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन, खर्च 1,60,000, त्यातले 1,00,000 वहिनींचं सोनं ठेवून साडेदहा टक्क्यांनी काढले. इंजिन शुक्रवारी संध्याकाळी बोटीवर चढणार आणि शनिवारी सकाळपासून दोन दिवस एका ग्रुपचं फुल बोट बुकिंग, 45,000 चं. मेकॅनिक म्हणतो आधी 10 तास रन-इन करा, म्हणजे नवीन भाग नीट बसेपर्यंत बेताने चालवा, चुलतभाऊ म्हणतो धंद्यावरच होईल रन-इन. तुमचे प्रश्न दोन, बुकिंग घेऊ का, आणि 1,50,000 ची एफडी मोडून सोनं सोडवून आणू का.

बुकिंग या शनिवारी तुमच्या बोटीवर घेऊ नका. का ते सांगतो.

आधी कर्जाची भीती बाजूला करू, कारण तुमच्या मेसेजमध्ये खरी घाई तिचीच दिसतेय. 1,00,000 वर साडेदहा टक्के म्हणजे आठवड्याचं व्याज साधारण 200 रुपये. रन-इनसाठी एक आठवडा थांबलात तर कर्जापायी जास्तीचे जाणार ते एवढेच. 200 रुपयांसाठी 1,60,000 चं काम घाईत पाण्यात घालायचं नाही.

आता बुकिंगचा हिशोब. पेट्रोल, दोन पोरांची हजेरी, जेवणखाण जाऊन तुम्ही म्हणता 31,000 उरतात. रन-इन वेगळं केलं तर 10 तास, ताशी सरासरी 7 लिटर, 105 ने धरलं तर 7,350 चं पेट्रोल जातं, ते धंद्यावर केलं तर वाचतं. म्हणजे चुलतभावाचं ऐकून फायदा सुमारे 38,000. समोर तोटा बघा, परत इंजिन उघडावं लागलं तर रिंगा, गॅस्केट, मजुरी मिळून 65,000 धरा, वर चार वीकेंड बोट बंद, तुमच्याच आकड्याने वीकेंडला 18,000 सुटतात, ते 72,000, एकूण 1,37,000. नुसत्या या आकड्यांवर बघितलं तर बिघाडाची शक्यता शंभरात 28 च्या खाली असेल तर भाऊ बरोबर ठरतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच वीकेंडला इंजिन बिघडेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून एवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही, कारण मोठं नुकसान दोन दिवसात दिसतच नाही.

होनिंग करताना बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, बारीक तिरक्या रेघा मारतात, नवीन रिंगा त्या रेघांवर घासून बसतात आणि मग कॉम्प्रेशन धरतात. सुरुवातीलाच फुल थ्रॉटल आणि फुल लोड देऊन तापवलं तर रिंगा नीट बसायच्या आत ओरखडे पडतात, आणि उलट जेट्टीला बांधून तासन्‌तास आयडलवर ठेवलं तर बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत (हे बरेच जण करतात, वाटतं हळू चालवणं म्हणजे काळजी घेणं, तसं नाहीये). दोन्हीत इंजिन चालू राहतं, पण ऑइल खातं, धूर मारतं, ताकद कमी देतं. समजा जे इंजिन 1,200 तास चाललं असतं ते 800 तासातच परत कामाला आलं, तर तुमचा ताशी खर्च 133 वरून 200 वर गेला, म्हणजे 1,60,000 पैकी 53,000 हवेत गेले, तेही एकही दिवस बोट बंद न पडता. 38,000 कमवायला 53,000 घालवायचे, हे मला पटत नाही.

आणि पैशापलीकडचं. फुल बोट, लहान पोरं असतील, मधोमध पाण्यात इंजिन बंद पडलं आणि वारा असला तर काय. पहिले 10 तास पैसे देणारा एकही माणूस बोटीवर नको, तुम्ही आणि तुमचा पोरगा, लाइफ जॅकेट घालून, बस.

रन-इन कसं करायचं ते मेकॅनिक आणि तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल सांगेल ते पहिलं, पण बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना पद्धत अशी असते की पहिला तास 2,000 आरपीएमपर्यंत किंवा साधारण अर्धा थ्रॉटल, दुसरा तास 3,000 पर्यंत किंवा पाऊण, मग उरलेले आठ तास कमीजास्त करत कुठल्याही स्पीडला, फक्त फुल थ्रॉटल एका वेळी 5 मिनिटांच्या वर नाही. मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पडतेय ना सारखं बघत राहा, ऑइलची लेव्हल रोज चेक करा. पहिलं ऑइल आणि फिल्टर साधारण 20 तासांना बदलतात, दोन-अडीच हजार जातील, ते वाचवू नका. जुनं ऑइल डब्यात भरून बाहेर न्या, धरणात थेंब नको, नाशिक तेच पाणी पितं.

एक काम आजच करा, मेकॅनिककडून बिलावर लिहून घ्या की कामाची गॅरंटी किती महिने आणि कशाची, आणि रन-इनचे तास तारखेसकट वहीत लिहा. रन-इन न करता लोड दिलात तर तो हात वर करेल आणि त्याचं चुकणार नाही. इन्शुरन्सवर भरवसा ठेवू नका, झीज आणि आतला मेकॅनिकल बिघाड साधारणपणे त्यात बसत नाही.

मग 45,000 सोडायचे का? पूर्ण नाही. पार्टीला फोन करून पुढचा वीकेंड विचारा, सोमवार ते शुक्रवार रोज दोन-दोन तास चालवलंत तर 10 तास तोवर होतात. तारीख हलत नसेल तर परवाना आणि कागदपत्रं पूर्ण असलेल्या ओळखीच्या बोटवाल्याला काम द्या आणि तुमचं कमिशन ठरवून घ्या, पार्टी तुमचीच राहते.

एफडीचं. ती 7 टक्के देतेय, कर्ज साडेदहाचं, फरक वर्षाला 3,500, म्हणजे मोडायचा मोह बरोबर आहे. पण तुमच्याकडे दुसरी शिल्लक नाही आणि इंजिन अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून पहिल्या 20 तासांचं ऑइल बदलेपर्यंत तिला हात लावू नका. नंतर सगळं सुरळीत असेल तर एफडी न मोडता तिच्यावर 60,000 पर्यंत कर्ज घ्या, ते साधारण एफडीच्या दरापेक्षा 1 ते 2 टक्के जास्त दराने मिळतं, आणि तेवढं सोन्याच्या कर्जात भरा. बाकीचे 40,000 सीझनच्या कमाईतून.

तुम्ही शेवटी लिहिलंय की 2027 ला सिंहस्थ आहे, धंदा दुप्पट होईल, म्हणून अजून कर्ज काढून दुसरं इंजिन घेऊ का. सिंहस्थाची गर्दी रामकुंड आणि त्र्यंबकला असते, त्यातली किती बोटीत बसायला धरणावर येईल ते धरून कर्ज काढू नका. त्याऐवजी इंजिनाच्या प्रत्येक तासामागे 150 रुपये वेगळ्या खात्यात टाकायला लागा, पुढचं इंजिनकाम वहिनींच्या सोन्याशिवाय होईल. आणि सोन्याच्या कर्जाची पावती काढून मुदत कधी संपते आणि व्याज दर महिन्याला भरायचं की शेवटी एकदम ते बघून मला कळवा, त्यावरून 40,000 चे हप्ते ठरवू.