ग्लोव्हज कपाटात ठेवले, मार्क वाढले का?

"मॅडम, ह्याचं खेळणं बंद केलंय आम्ही. आता अभ्यासाला कसा बसवायचा, तेवढं सांगा."

जानेवारीचा पहिला आठवडा होता. आई पुढे बसलेली, वडील दाराजवळच्या खुर्चीवर, आणि त्यांचं पोरगं खिडकीबाहेर बघत. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, तालमीच्या (कोल्हापुरात तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ असतात) आणि कॉलेजच्या संघाचा गोलकीपर. तिसऱ्या सत्रात गणिताचा पेपर राहिला, त्याच रात्री वडिलांनी त्याचे ग्लोव्हज कपाटात टाकून कुलूप लावलं. (घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कोल्हापुरात समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी हंगामाच्या तोंडावर येतो. शाहू स्टेडियमवर सामने सुरू झालेले असतात, पेठापेठांत दुसरा विषय नसतो, आणि नेमके तेव्हाच कॉलेजचे निकाल हातात पडतात. मग घरोघरी एकच वाद: फुटबॉल की अभ्यास? आईबापांची काळजी खोटी नसते. पण खेळ थांबवला की तो वेळ आपोआप अभ्यासाकडे वळेल, हा जो हिशेब असतो, तो मी फार कमी घरांत जुळलेला पाहिलाय.

त्या दिवशी मी एक चूक केली. आठवड्याचं वेळापत्रक भरायचा छापील तक्ता त्याच्या हातात दिला. पुढच्या वेळी त्याने तो इतका सुरेख भरून आणला की बघताक्षणी कळलं, हा मला खूश करण्यासाठी भरलाय. सकाळी पाच ते सात अभ्यास, संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यास. असं जगणारा मुलगा माझ्याकडे आलाच नसता. तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, "पेनल्टीच्या वेळी तू कुठल्या बाजूला उडी मारायची, हे कसं ठरवतोस?"

तो पहिल्यांदा सरळ बसला. म्हणाला, "वही आहे."

सॅकच्या आतल्या कप्प्यातून त्याने खिशात मावेल एवढी वही काढली. कोपरे मुडपलेले, वरून रबर लावलेला. प्रत्येक पानावर समोरच्या संघातला एकेक खेळाडू. एक पान मी त्याच्या परवानगीने उतरवून घेतलं: "10 नंबर. डावा पाय. चार पावलं. शेवटच्या पावलाला जरा थांबतो. थांबला की माझ्या उजवीकडे मारतो." त्याखाली तारीख आणि आणखी एक ओळ: "मी आधी हललो. चूक." अशी चाळीसेक पानं होती. काहींवर आधीचा अंदाज खोडून नवा लिहिलेला.

मग गणिताची वही मागितली. ती देखणी होती. दोन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेली, बोर्डावरचं जसंच्या तसं उतरवलेलं. स्वतः सोडवलेलं उदाहरण शोधायला मला पानं उलटत बसावं लागलं. एकही खाडाखोड नाही. मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "ह्यात 'मी आधी हललो' कुठं लिहिलंयस?"

घरात त्याला "ह्याचं डोकं अभ्यासात चालत नाही" असं बारावीपासून ऐकवलं जात होतं, आणि त्यालाही ते पटलं होतं. ज्याचं डोकं चालत नाही तो चाळीस खेळाडूंच्या सवयी नोंदवत नाही. स्वतःची चूक तारखेसकट लिहून ठेवणं तर मोठ्यामोठ्यांना जमत नाही. ग्राउंडवर त्याच्याकडे पद्धत होती. अभ्यासाला बसताना ती तो घरी नेतच नव्हता, कारण अभ्यास म्हणजे वाचणं आणि उतरवणं, एवढंच त्याला माहीत होतं.

नंतर निकाल मागवले, तिन्ही सत्रांचे. आईने पिशवीतून काढून दिले. पहिलं सत्र, म्हणजे पावसाळा ते दिवाळी: दोन विषय राहिले. दुसरं सत्र, हंगाम ऐन भरात, आठवड्याला दोन-दोन मॅचेस: सगळे सुटले, मागचे दोन्हीही. तिसरं, पुन्हा पावसाळा: गणित राहिलं.

वडील उठून जवळ आले. कागद हातात घेऊन पुन्हा पाहिले.

एका मुलाच्या तीन सत्रांवरून नियम काढता येत नाही, हे कबूल. पण खेळणाऱ्या मुलांमध्ये हे मी वारंवार पाहिलंय, आणि कारण समजण्यासारखं आहे. हंगामात याचा दिवस बांधलेला असायचा. सकाळी सहाला गांधी मैदानावर हजर व्हायचं म्हणून रात्री साडेदहाला आडवा. कॉलेज, जेवण, संध्याकाळचा दीड तास पुस्तक, कारण दुसरा वेळच नाही. पावसाळ्यात मैदानात पाणी, सराव बंद, आणि झोपायला रात्रीचे दोन. वेळ भरपूर होता, दिवसाला आकार नव्हता. ग्लोव्हज कुलपात घालून घरच्यांनी भर जानेवारीत पावसाळा आणला होता.

पण सगळा दोष घरच्यांचा, असं मी म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात त्याने खरी नोंद आणली. हंगामात फुटबॉलच्या नावाखाली आठवड्याला 27 तास जात होते. त्यात सराव आणि मॅच मिळून 11. उरलेले 16 तास तालमीच्या कट्ट्यावर, दुसऱ्यांच्या मॅचेस बघण्यात आणि रात्री मोबाइलवर क्लिप्स पाठवण्यात.

इथे मी त्याला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं सांगितलं. तो खेळ वेगळा, लंबगोल चेंडूचा, पण विद्यार्थी-खेळाडूंसाठीचे नियम ऐकण्यासारखे आहेत. तिथल्या एनसीएए या संघटनेचा नियम आहे की हंगामात कॉलेजने खेळाडूकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव करून घ्यायचा नाही आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची. वरच्या गटातल्या कॉलेजांत दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण नसेल, तर तो मुलगा मैदानात उतरू शकत नाही. पळवाटा तिथेही काढल्या जातात, तरी खेळ आणि पदवी एका दोरीला बांधलेली आहेत. त्यातून मायरन रोलसारखा खेळाडू घडतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या या बचावपटूची 2008 च्या नोव्हेंबरमध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीची (ऑक्सफर्डला शिकण्यासाठीची) मुलाखत आणि संघाची मॅच एकाच दिवशी आली. त्याने मुलाखत दिली, शिष्यवृत्ती मिळवली, विमानाने मैदान गाठलं आणि मॅच अर्ध्यावर आली असताना उतरला. पुढे खेळाचं एक वर्ष सोडून ऑक्सफर्डला गेला, मग व्यावसायिक संघात, आणि नंतर डॉक्टर होऊन मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे वळला.

"ते अमेरिकेत, मॅडम," तो म्हणाला. साहजिक होतं. पोरगं ब्राझीलवालं, वर्ल्ड कपच्या वेळी गल्लीत पिवळे झेंडे लावणारं. त्याला विचारलं, 1982 च्या ब्राझील संघाचा कॅप्टन सॉक्रेटिस डॉक्टर होता, माहीत आहे? गावातल्या क्लबकडून खेळता खेळता त्याने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, आणि कोरिंथियन्ससारख्या मोठ्या क्लबकडे गेला तो त्यानंतर. हे त्याला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर शोधून त्याने रात्री अकराला मला मेसेज केला.

वडिलांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. दुसऱ्यांदा ते एकटेच आले. शिरोलीला कारखान्यात कामाला, शिफ्ट संपवून, हाताला ऑइलचा वास. म्हणाले, "माझा थोरला भाऊ लई भारी खेळायचा, मॅडम. त्याला बघायला माणसं यायची. बारावी सोडली, म्हणाला खेळातच करतो काहीतरी. एका मॅचला गुडघा गेला. पुढं कोण इचारतंय? आज रिक्षा चालवतोय, तीबी दुसऱ्याची." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांना खेळाचा राग नव्हता. भावाची गत पोराची होईल, ही भीती होती, आणि ती अगदी खरी होती. आपल्याकडे स्थानिक फुटबॉलवर घर चालत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्या त्या पदाला लागणारं शिक्षण त्यात माफ होत नाही. पदवी हातात हवीच, हे मी त्यांच्यासमोर मुलालाही स्पष्ट सांगितलं.

मग त्यांना डॉ. तालिमेरेन आओंची गोष्ट सांगितली. नागा टेकड्यांतला मुलगा, कोलकात्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकायला आला आणि शिकता शिकता मोहन बागानच्या बचावफळीत उभा राहिला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक फुटबॉल संघाचा तो कॅप्टन होता. बहुतेक खेळाडू अनवाणी. फ्रान्सकडून 2-1 ने हरले, त्यात आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. आओंची एमबीबीएस झाली 1950 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी. नंतर ते आपल्या लोकांत परतले आणि नागालँडच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले.

वडिलांनी नेमका आकडा पकडला. "बत्तीस?"

मला तेच त्यांच्यापर्यंत पोचवायचं होतं. दोन्ही गोष्टी करणारा माणूस कधीकधी दोन्हीकडे थोडा उशिरा पोचतो. एक विषय राहणं म्हणजे भावाची वाट धरणं नाही. भावाने शिक्षण सोडलं होतं. ह्याचा एक पेपर मागे राहिला होता. एवढा फरक घरात बोलला गेला तरी पोराच्या छातीवरचा दगड उतरतो.

ठरलं ते साधंच. ग्लोव्हज त्याच दिवशी परत द्यायचे आणि पुन्हा शिक्षा म्हणून त्यांना हात लावायचा नाही; ही अट वडिलांसाठी. कट्टा फक्त रविवारी. मॅचच्या रात्री पुस्तक नाही, सरळ झोप, कारण दमलेल्या डोक्याने रेटलेला अभ्यास सकाळी उरत नाही. आणि रोज संध्याकाळी गणिताच्या पाच "पेनल्टी": पुस्तक बंद करून पाच उदाहरणं, मग उत्तर ताडून प्रत्येक चुकीखाली एक ओळ. रबर लावलेली दुसरी छोटी वही आईनेच आणून दिली. प्रॅक्टिकलच्या तारखा त्याने स्वतः जाऊन तालमीच्या कोचना आणि कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांना सांगायच्या, आधी. हे त्याला सगळ्यांत जड गेलं. तालमीत "मला पेपर आहे" म्हणायची लाज वाटते, असं तो म्हणाला. पण कोचनी नुसतं "बरं झालं सांगितलंस" म्हटलं आणि त्या दिवशी दुसरा कीपर उभा केला.

सगळं सुरळीत झालं नाही. मार्चमध्ये एका स्पर्धेच्या सेमीफायनलला शूटआउटमध्ये त्याच्या हाताला लागून बॉल आत गेला आणि संघ बाहेर पडला. तीन दिवस ना कॉलेज, ना मैदान, ना वही. आईचा फोन आला: "आता तरी अभ्यास कर म्हणू का?" मी म्हटलं, ताई, आज नका म्हणू. हरलेल्या मुलाला "बरं झालं, सुटलं एकदाचं" असं ऐकू येईल, ते नातं तोडणारं असतं. त्याला जेवायला वाढा, जवळ बसा. तिसऱ्या रात्री वडील शिफ्टवरून आले आणि त्याच्या खोलीत जाऊन एवढंच विचारलं, "किती पावलांनी आला होता रे तो?" पोरगं रडलं, आणि मग तासभर बोलत राहिलं. हे वडिलांना मी शिकवलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात चौथ्या सत्राचे सगळे विषय सुटले. तिसऱ्या सत्राचं गणित मात्र पुन्हा राहिलं, चार मार्कांनी. तो निकाल घेऊन आला तेव्हा मला वाटलं, आता खचलेला असेल. त्याने उत्तरपत्रिकेची प्रत मागवून घेतली होती. ती टेबलावर ठेवली, शेजारी छोटी वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "प्रश्न 3. इंटिग्रेशन बरोबर. लिमिट न वाचता सोडवायला घेतलं. आधी हललो."

पुढचा पेपर दिवाळीच्या आधी आहे. पावसाळा सुरू झालाय, मैदानात पाणी आहे, म्हणून सकाळी सहाला तो आता वडिलांबरोबर रंकाळ्याला पळायला जातो.